जांगल आणि जंगल : मराठी भ्रमणवाङ्मयाचा एक विचार

पायीं हिंडून आणि रान पाहून लिहिलेल्या पुस्तकांचें एक स्वतंत्र फडताळ भरेल इतकें वाङ्मय गेल्या साठसत्तर वर्षांत मराठींत निर्माण झालें आहे, ही गोष्ट कोणाहि मराठी वाचकास अभिमानाची वाटेल. दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' १९५६ सालीं प्रसिद्ध झालें; गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा', व्यंकटेश माडगूळकरांचें 'नागझिरा', मारुती चितमपल्लींचीं 'पक्षी जाय दिगंतरा' व 'रानवाटा' हीं पुस्तकें सुशिक्षित कुटुंबांत आईबापांनीं वाचून मुलांच्या हातीं दिलीं. परंतु हीं पुस्तकें आणि त्यांच्या वळणावर लिहिलेलीं इतर अनेक पुस्तकें खालीं उतरवून त्यांतील स्थळें महाराष्ट्राच्या नकाशावर टांचण्यांनीं खुणावीत गेलें, तर जें चित्र उमटतें तें विचार करावयास लावणारें आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या धारेवर टांचण्यांची दाटी होते. पूर्वेस नवेगांव, नागझिरा, मेळघाट येथें दुसरी दाटी होते. आणि या दोहोंच्या मधला, अहिल्यानगरकडून बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांपर्यंत आडवा पसरलेला बालाघाट जवळजवळ कोराच राहतो. बीड जिल्ह्यांतील धारूर हा त्या डोंगराच्या ऐन कडेवर वसलेला गांव. त्याच्या वाट्यास एकादी टांचणी आलीच तर ती किल्ल्याच्या नांवापुरती.

हें रितेपण केवळ योगायोगाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. निसर्ग म्हणून काय पाहावें आणि वाट म्हणून कोठें चालावें, याची जी अभिरुचि आमच्या लेखकांनीं घडविली, तिच्या मुळाशींच एक निवड आहे. आणि त्या निवडीची किंमत बालाघाटासारख्या उघड्या, कोरड्या, कांटेरी प्रदेशास मोजावी लागली आहे. ती किंमत केवळ वाङ्मयीन असती तर हा लेख लिहिण्याचें कारण नव्हतें.

दांडेकरांपासून आरंभ करूं. त्यांच्या पायांना लागलेली ओढ अस्सल होती. राजगडावर वा रायगडावर पावसांत, चांदण्यांत, धुक्यांत काढलेल्या दिवसांचें वर्णन वाचतांना घरबशा वाचकाचे पायहि शिवशिवूं लागतात. या गुणाविषयीं दुमत नाहीं. परंतु त्यांच्या दुर्गलेखनांत गडावरचें गवत, करवंदीची जाळी, पाण्याचें टांकें हीं सर्व एका थोर चरित्राच्या सेवेस हजर असतात. त्या चरित्राशीं असलेला संबंध तुटला कीं दगड मुका होतो. दांडेकरांच्या श्रद्धेनें ही मर्यादाहि तेजस्वी केली. त्यांच्या मागून आलेल्यांच्या हातीं मात्र तिची सूची झाली. पायथ्याचें गांव कोणतें, चढणीची श्रेणी काय, वेळ किती लागतो, पिण्याचें पाणी आहे कीं नाहीं, इतकें सांगितलें कीं आजचा मार्गदर्शिका लिहिणारा कृतार्थ होतो.

धारूरचा किल्ला या मापानें मोजून पाहा. विजापूरच्या आदिलशाहींतील किश्वरखानानें तो सोळाव्या शतकांत बांधविला. पुढें तो निजामशाहीकडे गेला. १६३१ सालीं मोगल सरदार आजमखान यानें तो जिंकला, आणि पुढें मोगली नाण्यांवर फत्तेहाबाद-धारूर हें टांकसाळीचें नांव उमटूं लागलें. तीन अंगांस दरी आणि उरलेल्या अंगास खंदक, अशी त्याची रचना. माजलगांवकडून येणारा रस्ता घाट चढून वर आला कीं गोदावरीकांठची काळी गंगथडी खालीं राहते आणि मुरमाड माथा सुरू होतो. या दोन जगांच्या उंबरठ्यावर हा किल्ला बसविलेला आहे. तटावरून पाहणाऱ्यास इतिहासाच्या आधीं भूगोल दिसतो. पण भूगोल पाहण्याची सवय आम्हांस कोणीं लावलीच नाहीं. शिवचरणांची धूळ येथें नाहीं, म्हणून दुर्गप्रेमी मंडळींचीं पावलें येथें क्वचित् वळतात. २०२५ सालीं युनेस्कोनें मराठ्यांच्या लष्करी परंपरेचे बारा किल्ले जागतिक वारशांत घेतले. त्यांतील अकरा महाराष्ट्रांत व एक तामिळनाडूंत आहे, मराठवाड्यांत एकहि नाहीं. निवडीचा विषयच तसा असल्यामुळें यांत कोणी अन्याय केला असें म्हणतां येणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मराठी वाचकाच्या मनांतील यादी युनेस्कोच्या आधींच तयार होती.

दुसरी परंपरा अरण्याची. तिचे सर्वांत मोठे मानकरी चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यांत निवर्तले. त्याच वर्षीं त्यांना पद्मश्रीचा मान मिळाला होता. वनखात्याच्या नोकरींत राहून त्यांनीं जें केलें तें एकाद्या विद्यापीठानेंहि केलें नाहीं. वाटाड्ये, कोळी, पारधी यांच्या तोंडचे शब्द त्यांनीं वेंचले, संस्कृत ग्रंथांशीं ताडून पाहिले, आणि जेथें शब्द नव्हता तेथें 'सारंगागार'सारखा घडविला. बगळ्यांच्या वसाहतीस मराठींत नांव मिळालें तें त्यांच्यामुळें. इतकें सांगून झाल्यावर एक प्रश्न उरतो. सोलापुरांत जन्मलेल्या या लेखकाचें मन रमलें तें नवेगांवबांधच्या तलावाकांठीं. आणि माणदेशच्या माळावर वाढलेल्या माडगूळकरांनीं रानाचें सलग पुस्तक लिहावयाचें ठरविलें तेव्हां तेहि बाडबिस्तरा बांधून विदर्भांतील नागझिऱ्यास गेले. माणदेशचे ससे, तित्तिर, लांडगे माडगूळकरांच्या कथांतून येतात, नाहीं असें नाहीं. पण अभयारण्य म्हणून मुक्काम करण्याजोगें स्थळ त्यांनाहि झाडांच्या दाटींतच दिसलें. ज्यांच्या पायाखालीं आयुष्याचीं पहिलीं वर्षें कुसळें मोडलीं, त्या दोघांनाहि निसर्ग पाहण्यासाठीं पूर्वेस जावें लागलें, यांत व्यक्तीचा दोष नाहीं. अभिरुचीचा जोर दिसतो.

येथें एका शब्दाची कुळकथा सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. 'जंगल' हा शब्द आम्ही आज दाट, ओल्या, ऊन अडविणाऱ्या अरण्यास लावतों. संस्कृतांतील त्याचा पूर्वज 'जांगल' हा जवळजवळ उलट अर्थाचा आहे. आयुर्वेदानें देशाचे तीन प्रकार मानले आहेत : पाणथळ तो आनूप, कोरडा तो जांगल, आणि दोहोंच्या मधला तो साधारण. चरकसंहितेच्या कल्पस्थानांत जांगल देशाचें जें वर्णन आहे त्यांत मोकळें आकाश आहे, कोरडा स्थिर वारा आहे, मृगजळ आहे, रेती-खड्यांची खरखरीत जमीन आहे; आणि झाडांच्या यादींत खदिर, धव, शल्लकी, बदरी, तिंदुक, आमलकी, शमी हीं नांवें आहेत. मराठींत म्हणावयाचें तर खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, आंवळा, शमी. भूमीवर हिंडणारे पक्षी म्हणजे लावा आणि तित्तिर. ही यादी हातीं घेऊन कोणीं बालाघाटावर जावें. यादी करणारा नुकताच येथून गेला असावा असा भास होईल. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजानें वस्ती कोठें करावी याचें उत्तर जांगल देशांत असें दिलें आहे, आणि दुसऱ्या अध्यायांत काळवीट जेथें स्वभावतः वावरतो तो देश यज्ञास योग्य म्हटला आहे. म्हणजे एके काळीं ही उघडी कांटेरी भूमि निरोगी, भद्र आणि राहण्यास उत्तम समजली जात होती. झिमरमान या फ्रेंच पंडितानें १९८२ सालीं याच विषयावर एक सबंध ग्रंथ लिहिला आणि या शब्दाचा अर्थ कसा पालटला हें विस्तारानें दाखविलें. देशी भाषांतून हा शब्द इंग्रजींत गेला, तेथें ओलसर होऊन दाट झाला, आणि पुस्तकांतून पुन्हा आमच्या घरीं आला तेव्हां आपलें जन्मस्थान विसरला होता.

तेव्हांपासून बालाघाट 'जंगल' राहिला नाहीं. मग त्यास काय म्हणावयाचें? साहित्यिकानें शब्द दिला नाहीं तेथें तलाठ्यानें दिला : पडीक, पोटखराब, गायरान, मुरमाड. हे शब्द वाईट नाहींत. महसुलाच्या हिशेबास ते पुरतात. पण हिशेबाच्या वहीबाहेर दुसरा शब्दच नसला म्हणजे हिशेबाचा शब्द सत्य ठरतो. भारत सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहांत, अगदीं २०१९ च्या आवृत्तींतहि, झुडुपांची जमीन आणि ऱ्हास पावलेलीं चराऊ कुरणें पडीक याच सदराखालीं मांडलेलीं आहेत. पडीक म्हटलें कीं तिचा कांहींतरी उपयोग करावयास हवा, हा विचार आपोआप येतो. मग कोणी खड्डे खणून परदेशी झाडें लावतो, कोणी पवनचक्की उभारतो. पवनचक्कीस आमचा विरोध नाहीं. ती उभी राहण्यापूर्वीं तेथें काय होतें, हें सांगणारें एकहि चांगलें पान मराठींत नसावें, याचें वैषम्य वाटतें.

आमच्या वर्गांत बालाघाटांतील गांवांहून येणारीं मुलें असत. निसर्गसौंदर्य या विषयावर निबंध लिहावयास सांगितला कीं यांतील बहुतेक जण नारळीपोफळींचें, निळ्या समुद्राचें आणि खळखळणाऱ्या झऱ्यांचें वर्णन करीत. त्यांतील अनेकांनीं समुद्र पाहिलेला नव्हता. ज्या वाटेनें तीं रोज शाळेस गेलीं त्या वाटेवरचा पळस, आपटा, तरवड निबंधांत येण्याजोगा आहे, असें त्यांस पाठ्यपुस्तकानें कधीं सुचविलेलें नव्हतें.

आणि तरीहि मराठी गद्याचा जन्म याच कोरड्या मुलखाच्या वाटांवर झाला, हें पाहून नवल वाटतें. चक्रधरस्वामींच्या भ्रमणाच्या आठवणी म्हाइंभटांनीं तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत 'लीळाचरित्रां'त संकलित केल्या; गोदावरीचें खोरें हें त्या भ्रमणाचें एक मोठें क्षेत्र, आणि बीड जिल्ह्यांतीलच पांचाळेश्वर हें महानुभावांचें आत्मतीर्थ. लीळाचरित्रांत पारध्यांच्या भयानें आश्रयास आलेल्या सशाचें रक्षण केल्याची लीळा आहे. ससा हा माळावरचा प्राणी. वाघसिंहांच्या पंक्तींत त्यास कोणी बसविणार नाहीं. मराठी गद्यांतील वन्यजीवरक्षणाचा हा आरंभींचा प्रसंग त्याच्या नांवावर आहे, ही गोष्ट आमच्या वनलेखकांनीं मनावर घेतलेली दिसत नाहीं.

पण आमच्या विषयास त्याहून महत्त्वाचा ग्रंथ म्हणजे 'स्थानपोथी'. स्वामी जेथें जेथें राहिले त्या स्थळांची ही नोंद. गांवाच्या कोणत्या दिशेस देऊळ, देवळाचें दार कोणत्या बाजूस, त्याच्या पुढें काय, मागें काय, कोठें बसले, कोठें निजले, येवढेंच तींत आहे. वाक्य तुटक, अलंकार नाहीं, भावनेचा शब्द नाहीं. वर-वर पाहणारास ती आजच्या मार्गदर्शिकेसारखीच वाटेल. दोहोंतहि दिशा आहेत, अंतरें आहेत, खुणा आहेत. फरक मात्र मोठा आहे. आजची मार्गदर्शिका वाट सांगते ती वर पोंचण्यासाठीं. शिखर आलें कीं वाट संपली. स्थानपोथीस शिखर ठाऊकच नाहीं. ओटा, वड, नदीचा कांठ, गांवाबाहेरची पडकी मढी यांपैकीं कोणतेंहि स्थळ तिच्या लेखीं दुसऱ्याहून उंच नाहीं. तेथें कोणी थांबलें होतें, इतकें त्यास मोल आहे. सपाट, उघड्या, शिखरहीन प्रदेशावर कसें लिहावें याचा नमुना शोधावयास मराठी लेखकानें परभाषेंत जाण्याचें कारण नाहीं. तो सहा-सातशें वर्षें आपल्या घरांत पडून आहे, आणि आपण तो केवळ संप्रदायाचा व भाषाशास्त्राचा ग्रंथ म्हणून बांधून ठेवला आहे.

परभाषेचा विषय निघालाच तर तेथूनहि साक्ष मिळते. गिल्बर्ट व्हाइट याचें सेल्बोर्नचें पुस्तक १७८९ सालचें. एका साध्या खेड्याच्या हद्दीबाहेर तें फारसें जात नाहीं. टॉमस हार्डीच्या १८७८ सालच्या कादंबरींत एग्डन नांवाचा ओसाड माळ कथानकांतील कोणाहि मनुष्याइतका जिवंत आहे. त्या माळावर हार्डीनें एकहि हिरवें झाड उगाच लावलें नाहीं. ओसाडपणाच त्यानें बोलका केला. आमच्याकडे हें सामर्थ्य 'बनगरवाडी'च्या लेखकांत निश्चित होतें. परंतु १९५५ सालच्या त्या कादंबरींत माळ येतो तो मेंढरांच्या आणि माणसांच्या दुष्काळाचा साक्षी म्हणून. त्याच्या स्वतःच्या ऋतूंची कथा लिहावयाची राहूनच गेली. मराठवाड्यापुरतें पाहिलें तर ना. धों. महानोरांच्या १९६७ सालच्या 'रानांतल्या कविता' आहेत. तेथील रान मुख्यतः शेत आहे, आणि तें तसें असणें योग्यहि आहे. कारण आमच्याकडे रानांत जाणें म्हणजे शेतांत जाणें. पेरलेलें आणि न पेरलेलें यांस एकच शब्द वापरणारी ही बोली, माणूस एका बाजूस व निसर्ग दुसऱ्या बाजूस, अशी फाळणी मुळांत मानीतच नाहीं.

शासनानें या प्रदेशांत कांहीं जागा राखून ठेवल्या आहेत, हें येथें सांगितलें पाहिजे. पाटोदा तालुक्यांत नायगांवचें मयूर अभयारण्य १९९४ सालीं झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ३० चौरस किलोमीटर. धाराशिव जिल्ह्यांत येडशीचें रामलिंग घाट अभयारण्य १९९७ सालचें, त्याहूनहि लहान. पश्चिमेस कर्जत तालुक्यांत रेहेकुरीचें काळविटांचें अभयारण्य १९८० सालचें, तें तर अवघें सवादोन चौरस किलोमीटरांच्या आंत. आणि सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर १९७९ सालचें माळढोक अभयारण्य, ज्याचें क्षेत्र आरंभीं सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतें आणि पुढें कमी करीत सुमारें बाराशें चौरस किलोमीटरांवर आणलें गेलें. साडेआठ हजारांत गांवें, शेतें, रस्ते सर्वच आल्यामुळें लोकांचा रोष झाला, तो समजण्यासारखा होता. परंतु ज्या पक्ष्यासाठीं हें केलें तो माळढोक त्या माळांवर आतां दिसलाच तर भाग्यानें.

या सर्व मण्यांत नायगांवची कथा वाङ्मयाच्या अभ्यासकास उद्बोधक वाटावी. मोरास अभयारण्य मिळालें. मोराच्या मागें कालिदासापासून भूपाळ्या-ओव्यांपर्यंत दोन हजार वर्षांचें काव्य उभें आहे; त्याच्या नांवानें राखीव जागा मागितली तर ती समजावून सांगावी लागत नाहीं. त्याच माळावर धांवणारा धाविक, त्याच आकाशांत उभा चढत गाणारा चंडोल, त्याच गवतांत बीळ करून राहणारी खोकड यांच्यामागें कोण उभें आहे? मोराच्या सावलींत तीं जगतात, हें त्यांचें दैव. नायगांव ते येडशी, येडशी ते धारूर अशी डोंगराच्या धारेनें चालणाराची एक वाट कल्पनेंत आंखतां येते. बालाघाटावर पडलेलें पुष्कळसें पाणी एका अंगास सिंदफणेंतून, दुसऱ्या अंगास मांजरेंतून, कोठल्या कोठें वळसे घेऊन अखेर गोदावरीसच मिळतें. त्या पाणलोटावरून ही वाट जाईल. अंबाजोगाईच्या दरींत मुकुंदराजांची समाधि आहे, ती तिच्यापासून दूर नाहीं. अशा वाटेवर पाट्या लावणें वनखात्यास अवघड नाहीं. पाटीवर काय लिहावयाचें, हा प्रश्न वनखात्याचा नव्हे, आमचा आहे.

कोणी म्हणेल, लिहूं नका तेंच बरें. लिहिलें कीं गर्दी येते, आणि सह्याद्रीच्या कांहीं गडांवर पावसाळ्यांतील रविवारीं काय दिसतें तें आम्हीं पाहिलें आहे. आक्षेप खरा आहे, पण तो शिखराच्या वाङ्मयास लागू पडतो. ज्या लेखनानें वाचकास एकाच टोंकाकडे धांवावयास शिकविलें, त्यानेंच ती गर्दी केली. ज्या प्रदेशांत टोंकच नाहीं तेथें गर्दी कोणत्या जागीं जमणार?

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे, आणि तो आम्हांस स्वतःस सतावतो. धारूरच्या डोंगरावर हिंडण्याचा उत्तम काळ पाऊस सरल्यापासून थंडी संपेपर्यंत. दसऱ्याच्या आगेमागें डोंगरांतील सीताफळें पिकतात. सीताफळ हें झाड मूळचें अमेरिकेचें, आज मात्र बालाघाटाचें म्हणून ओळखलें जातें. रानटी कोणतें आणि आणलेलें कोणतें, हा वाद घालणारांनीं या झाडाखालीं क्षणभर बसावें. गांवच्या बायका पहांटे डोंगर चढून पाट्या भरून आणतात. कोणत्या उतारावरचें फळ आधीं डोळा उघडतें, कोणत्या ओढ्यास अजून पाणी आहे, पवन्या कोठें वाढला आणि मारवेल कोठें, कुसळानें कोणता माळ धरला, हें त्यांस पाठ असतें. ज्या स्थानपोथीची आम्ही वाट पाहतों ती त्यांच्या जिभेवर तयार आहे. परंतु याच महिन्यांत मुकादमाची उचल घेतलेलीं कुटुंबें बिऱ्हाड बांधूं लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, असे कोयते मोजले जातात, टोळ्या ठरतात, आणि दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील कारखान्यांच्या फडांकडे निघतात. परत येणें होतें तें उन्हाळा लागल्यावर, गवत करपून गेल्यानंतर. शहरांतील भ्रमणप्रेमी लेखक पाठीवर पिशवी टाकून बालाघाटावर येईल तो थंडींत. त्यास निळें आकाश दिसेल, पिवळें गवत दिसेल, वाड्यावस्त्यांवर म्हातारींमाणसें दिसतील, आणि तो आपल्या वहींत 'निर्मनुष्य' असा शब्द लिहील.